बाटली काळी पडली, आता बोलू की गप्प बसू?

भोर तालुक्यातल्या नव्वदेक उंबऱ्यांच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. "नाव-गाव छापू नका" हे त्यांनी पहिल्या ओळीतही लिहिलंय आणि शेवटच्या ओळीतही. तेव्हा ओळख पटेल असं सगळं गाळून गोषवारा देते.

ताईंच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मुलगा चार वर्षांचा आहे. पावसाळा लागल्यापासून त्याला तिसऱ्यांदा जुलाब झाले. गावात जलजीवन मिशनमधून घरोघरी नळ आले, पण नळाला येतं ते ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचंच पाणी. ताई बारावी शास्त्र शिकलेल्या, म्हणून पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या पाच बायकांत त्यांचं नाव होतं. प्रशिक्षण झालं, फोटो निघाले आणि किट ग्रामपंचायतीच्या कपाटात गेलं. मुलगा तिसऱ्यांदा आजारी पडल्यावर त्यांनी किटमधली पाण्यातले जंतू ओळखायची एक छोटी बाटली मागून आणली, घरच्या नळाचं पाणी भरलं आणि ती पिठाच्या डब्यामागे ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतात तर पाणी काळंकुट्ट.

सरपंच त्यांचे चुलत दीर. ते म्हणाले, "वहिनी, निवडणूक तोंडावर आलीय, आत्ता हे बाहेर काढू नका." सासूबाई म्हणाल्या, "आमची हयात ह्याच पाण्यावर गेली, आम्हाला काय झालं?" नवऱ्याचं म्हणणं, चौदा हजारांचा आरओ हप्त्यावर घेऊ आणि विषय मिटवू. आरओ विकणारा घरी येऊनही गेला. त्याने नळाच्या पाण्याच्या ग्लासात दोन सळया बुडवून वीज सोडली तर पाणी तपकिरी-काळं झालं, त्याच्या मशिनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. "ते बघून माझे हातपायच गळाले," असं ताई लिहितात. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: "आमचा गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, पण तो आजेसासऱ्यांच्या काळापासूनचा आहे." आणि मग प्रश्न: "मुलासाठी मशिन घेऊन गप्प बसू, की ग्रामसभेत बाटली घेऊन उभी राहू?"

ताई,

आधी लेकराचं बोलू, बाकीचं मागाहून. जुलाब लागले की पहिल्या तासापासून ओआरएस सुरू करायचं, जेवण बंद करायचं नाही. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात. त्या सलग चौदा दिवस द्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी पोट थांबलं की आपण पाकीट फडताळात टाकतो, ते करू नका. शौचातून रक्त जात असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल किंवा मूल मलूल पडत असेल तर घरात वाट बघू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आणि खासगी डॉक्टरकडून औषध आणलं असलं तरी आशाताईंना किंवा आरोग्य सेवकाला सांगून प्रत्येक वेळच्या आजारपणाची नोंद करून घ्या. एका वस्तीतल्या बऱ्याच मुलांची नोंद थोड्याच दिवसांत झाली की आरोग्य खातं पाण्याचे नमुने घ्यायला स्वतःहून येऊ शकतं. नोंदच झाली नाही तर कागदावर तुमचं गाव ठणठणीत असतं.

पाणी उद्यापासून उकळायला लागा. खळखळून उकळी फुटू द्या, मिनिटभर तशीच राहू द्या, झाकून गार करा आणि त्याच भांड्यातून प्या. उकळलेलं पाणी न घासलेल्या हंड्यात ओतलं तर सगळं मुसळ केरात. माठाला तोटी बसवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते खुंटीला अडकवा, माठाच्या झाकणावर आडवं टाकू नका. आशाताईंकडचे क्लोरिनचे थेंब किंवा गोळ्याही चालतील. पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण घ्या आणि टाकल्यावर अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या. तुरटीने जंतू मरत नाहीत, पण गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचतच नाही.

हे झालं तुमच्या चुलीपाशी. आता बाटलीकडे येऊ.

काळी बाटली काय सांगते? पाण्यात विष्ठेच्या वाटेने येणारे जंतू असण्याची दाट शक्यता आहे, एवढंच. ते कुठून शिरले, हे ती सांगत नाही. कधीकधी बाटली दुसऱ्या कारणानेही काळी पडते. भरताना बोट तोंडाला लागलं असेल, किंवा पाण्यातच मुळात गंधकाचा अंश असेल. उलट, बाटली काळी झाली नाही म्हणून पाणी शंभर टक्के चांगलं असंही नसतं. तुम्ही शास्त्र शिकलात, त्यामुळे हे तुम्हाला लगेच पटेल: एका नळावरची एक बाटली ही शंका आहे, पुरावा नाही. ग्रामसभेत ती एकटी घेऊन उभ्या राहिलात तर कुणीतरी उठून विचारेल, "बाटली स्वच्छ होती कशावरून?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

म्हणून एका बाटलीच्या पाच करा. एकाच दिवशी पाच ठिकाणचं पाणी भरा. एक थेट विहिरीचं, एक टाकीचं, एक टाकीजवळच्या पहिल्या नळाचं, एक गावातल्या शेवटच्या नळाचं आणि एक तुमच्या माठातलं. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा. नळाचं पाणी घेताना तोटीचं फडकं सोडा, तोटी पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग भरा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत या पाच बाटल्या तुम्हाला गावाचा नकाशा काढून देतील.

विहिरीची बाटलीच काळी झाली तर घाण विहिरीत उतरतेय. विहीर आणि टाकी चांगली, पण शेवटचा नळ काळा, तर दोष मधल्या पाइपात. असं फार ठिकाणी असतं. गावात पाणी दिवसातून तासभर सुटतं. मोटार बंद झाली की पाइप रिकामा होतो आणि जिथे चीर असेल तिथून आजूबाजूचं पाणी आत ओढतो. पाइप गटारातून गेलेला असेल, किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचलं असेल, तर दुसऱ्या दिवशी नळाला पहिलं येतं तेच. नळ चांगला आणि माठ काळा असेल, तर मात्र गावाला बोल लावायचं कारण नाही, घरातले हात आणि भांडी बघायची. या तीन दुखण्यांची औषधं वेगवेगळी आहेत. कुठलं दुखणं आहे ते कळायच्या आधी भांडण काढलं तर भांडण होईल आणि पाणी तसंच राहील.

बाटल्यांबरोबर प्रयोगशाळेचीही तपासणी करून घ्या. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून मिळते. तिच्या तळाशी चिमूटभर औषध असतं, ते पाण्यातल्या क्लोरिनचा परिणाम थांबवतं. घाण समजून ते धुऊन टाकू नका. अनेकजणी टाकतात. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. नियमाने पाण्याची जंतूंसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि रसायनांसाठी एकदा तपासणी व्हायलाच हवी. तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन एवढंच विचारा: गेल्या वेळचा अहवाल कुठे आहे? अहवाल मागणं ही तक्रार नव्हे.

आता त्या दोन सळयांचं. ताई, त्या माणसाने तुम्हाला घाबरवलं आणि त्याबद्दल मला राग आहे. सळया लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. ग्लासात दिसली ती त्याच्या सळईची घाण होती. मशिनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून त्यात वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. तुमच्या नळाच्या पाण्याऐवजी खळखळून उकळून गार केलेलं पाणी ठेवलं असतं, तरी ते असंच काळं झालं असतं. खिशातल्या पेनासारखं टीडीएसचं मीटर असतं, तेही फक्त क्षार मोजतं. विष्ठेचे जंतू असलेलं पाणी त्या मीटरवर छान दीडशे आकडा दाखवू शकतं.

भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलं तर पाणी पिण्यायोग्य मानतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तर ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असे निर्देश दिले होते, कारण एक लिटर पाणी गाळताना ही मशिनं दोन-तीन लिटर सांडून देतात. भोरसारख्या पावसाच्या मुलखातल्या विहिरीचं पाणी सहसा गोडं असतं. तुमचं दुखणं जंतूंचं असेल तर क्षार काढायच्या मशिनवर चौदा हजार घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि मशिन घेतलंत तरी तुमचा मुलगा अंगणवाडीत कुठलं पाणी पितो? खेळता खेळता शेजारच्या ओट्यावर तांब्या उचलतो, तो कुठल्या पाण्याचा? दिवसभर लाइट गेली तर? वर्षाने फिल्टर बदलायचा हप्ता कोण भरणार?

जारच्या पाण्याबद्दलही हेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले. ही हातापायातली ताकद जाण्याची दुर्मीळ व्याधी. पोटाच्या संसर्गानंतर क्वचित होते. तेव्हा तपासणीत नांदेडच्या विहिरीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, पण त्याच तपासणीत खासगी आरओ प्लांटचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेने असे अनेक प्लांट बंद केले. लोक नळाला भिऊन जार आणत होते. त्या गावांना शहरात येऊन काही वर्षं झाली होती, कर भरला जात होता, पाणी मात्र गावचंच राहिलं होतं. तुमच्यासारखंच. नळ येणं वेगळं आणि पाणी शुद्ध होणं वेगळं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं ते माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही ठरलेल्या गुणवत्तेचं, द्यायचं म्हणून. गुणवत्तेचा अर्धा भाग आपण सगळेच विसरतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या काळात विहिरीभोवती इतकी घरं नव्हती, शोषखड्डे नव्हते, पाइप नव्हता. गावाला संडास आले हे फार चांगलं झालं, पण ते खड्डे कुठे खणले गेले हे कुणी बघितलं नाही. विहिरीपासून निदान पंधरा मीटर तरी हवेत, आणि आपल्याकडच्या भेगाळ काळ्या पाषाणात पाणी त्याहूनही लांब जातं. तरीही एखाद्या निवांत दुपारी, भांडणाच्या सुरात नाही, त्यांच्याजवळ बसून विचारा: तुमच्या बरोबरीच्या बायकांची किती लेकरं हगवणीने गेली? मी हा प्रश्न पुरंदर आणि भोरमध्ये पुष्कळ म्हाताऱ्यांना विचारलाय. आरोग्य शिक्षणाच्या कामासाठी तिकडे बरीच वर्षं हिंडले. आधी सगळ्या म्हणतात, काही नाही झालं. मग बोटं मोजायला लागतात. एका आजींनी दोन बोटं मिटली आणि हात पदराखाली घेतला. जी जगली ती म्हणतात आम्हाला काय झालं. गेलेल्यांना बोलता येत नाही. सासूबाई एकदा तुमच्या बाजूने झाल्या ना, तर गावातली निम्मी ग्रामसभा तुमच्या बाजूने झाली समजा.

आता खरा मुद्दा, आणि माझ्या मते इथेच तुमच्या गावाचं पाणी अडलंय. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकीत टाकतात ती क्लोरिनची ब्लीचिंग पावडर.

तुमच्या पत्रात चार पानं आहेत आणि त्यात टीसीएल पावडरचा एकदाही उल्लेख नाही. टाकीत ती रोज पडते का? कोण टाकतं? किती टाकतं? प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. पाणी शुद्ध करणं आणि नमुने घेणं हे त्याचं काम. बहुतेक गावांत तोच पाणी सोडतो, तोच दिवाबत्ती बघतो, तोच घरपट्टीची पावती फाडतो आणि महिन्याच्या शेवटी तोच मानधनासाठी हेलपाटे घालतो. मी एका गावात बघितलं ते सांगते. टाकीच्या जिन्याखाली पावडरचं पोतं उघडं, पावसाची ओल लागून दगड झालेलं. जलसुरक्षकाने खिळ्याने एक ढेकूळ फोडलं, तसंच कोरडं टाकीत टाकलं आणि हात पँटला पुसले. त्या दिवशी पहिल्या आळीत पाण्याला इतका उग्र वास आला की बायकांनी हंडे ओतून दिले. शेवटच्या आळीत काहीच पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाने त्याला दम भरला आणि पुढचे पंधरा दिवस त्याने पावडरला हात लावला नाही. त्याची चूक होती, पण त्याला बरोबर कसं करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

बरोबर करायला फार काही लागत नाही. चांगल्या पावडरमध्ये साधारण तेहतीस टक्के क्लोरिन असतं. उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही, आणि पावडरचा नमुनाही तपासून मिळतो. तुमच्या गावाची टाकी पंचवीस हजार लिटरची धरली तर ताज्या पावडरची साठ-पासष्ट ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर, हा सुरुवातीचा अंदाज. पावसाळ्यात आणि जुन्या पावडरला जास्त लागते. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची पेस्ट करायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. खालचा चुना टाकीत किंवा विहिरीत टाकायचा नाही. मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबून पाणी सोडायचं.

प्रमाण बरोबर पडलं का, हे ठरवायचं शेवटच्या नळावर. ओटी टेस्ट म्हणतात ती. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरिन पोचलं. पाणी पांढरंच राहिलं तर नाही पोचलं. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. तेवढ्याला जेमतेम वास येतो. आजारपणाच्या दिवसांत थोडं जास्त ठेवतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती तुम्ही पाचजणी आलटून-पालटून रोज करू शकता. एक शंभर पानी वही घ्या. तारीख, कुठला नळ, रंग आला की नाही आणि सही. बास. ही वही तुमच्या काळ्या बाटलीपेक्षा कितीतरी जड आहे.

आता गोठ्याबद्दलच्या त्या शेवटच्या वाक्यावर येते. मला वाटतं, तुमचं गप्प बसणं त्याच्यापाशी अडलंय. सरपंच भावजी असणं ही अडचण आहेच. पण तुम्ही उभ्या राहिलात तर कुणीतरी म्हणणार, "आधी तुमचा उकिरडा हलवा." आणि ते तुम्हाला माहीत आहे. ताई, तुम्ही हे लिहिलंत यातच तुमचा प्रामाणिकपणा आहे. लिहिलं नसतंत तर मला कळलंही नसतं. मग हेच पहिलं करा. गोठा हलवणं एका दिवसात होत नाही, मला कळतं. पण उकिरडा हलवता येतो, तो विहिरीच्या खालच्या अंगाला न्या. गोठ्याचं मूत आणि धुतलेलं पाणी विहिरीकडे वाहतं तिथे आडवा चर खणून ते परसातल्या केळीला किंवा अळूला वळवा. जनावरं विहिरीच्या ओट्यावर धुणं बंद. नवऱ्याला आरओच्या पहिल्या हप्त्याऐवजी हे काम सांगा. दोन दिवसांची माती आहे. तुमच्या घराने आधी हात घातला की सांगताना तुमचा आवाज आपोआप वेगळा लागेल. बोट दाखवणाऱ्याचा आणि हात लावणाऱ्याचा आवाज गावाला बरोबर ओळखू येतो.

भावजींकडे जा, पण एकट्या नको आणि ग्रामपंचायतीतही नको. आशाताईंना बरोबर घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी जा, जावेच्या हातचा चहा घ्या, पाच बाटल्या समोर ठेवा. निवडणूक तोंडावर आहे असं ते म्हणतात ना? मग त्यांनाच सांगा, पाणी दुरुस्त केलेला सरपंच म्हणून लोक लक्षात ठेवतील, आणि अंगणवाडीतली दहा मुलं एकदम आजारी पडली तर तेही लक्षात ठेवतील. त्यांनाच पुढे होऊ द्या. विहिरीचा कठडा, ओटा, गळका पाइप यासाठी पैसा नाही असं ते म्हणतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, ती पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची होती. ती कुठे गेली, किती शिल्लक आहे, आणि पुढच्या आराखड्यात पाणी कुठे आहे, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्थितीवरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपलं कुठलं, तेही विचारा.

पंधरा दिवस द्या. त्यात काही हललं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्का आणि तारखेशिवाय घरी येऊ नका. अर्जावर एकटीची सही नको, पाचजणींची हवी, जमलं तर अंगणवाडी सेविकेचीही. त्याची एक प्रत आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. तरीही नाहीच, तर ग्रामसभा आहे, पण त्याच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तो कायदाच आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरवर होते. या वेळी ती खरोखर होऊ द्या. तिथे तुम्ही वही उघडा. पाणी भरायला रोज उभ्या राहणाऱ्या बायका चाळीस असतील तर ठरावाला दुसरं काही लागत नाही, आणि तो ठराव पुढच्या ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो. गावच्या पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्या गावची समिती कोणाकोणाची आहे ते एकदा बघा. कदाचित तुमच्याच सासूबाईंचं नाव त्यात असेल आणि त्यांना ते माहीतही नसेल. मी अशी दोन गावं बघितली आहेत.

भावकीत वितुष्ट येईल का? थोडं येईल. एखादी जाऊ महिनाभर बोलणार नाही. पण मशिन घेऊन गप्प बसलात तर काय होईल, तेही डोळ्यांपुढे आणा. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या घरातलं मूल दवाखान्यात असेल आणि पिठाच्या डब्यामागची ती बाटली तुमच्या मनातून जाणार नाही. म्हणूनच तर तुम्ही मला चार पानं लिहिलीत.

दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरकडच्या ज्या वाचकांच्या गावात ऊस उभा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. खताचा नायट्रेट जमिनीतून विहिरीत उतरतो. तो चवीला कळत नाही, वासाला कळत नाही आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे, त्यात सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला त्याचा सगळ्यात जास्त धोका, बाळ निळसर पडू शकतं. तिथे टीसीएल उपयोगाचं नाही. रसायनांची तपासणी करून दुसरा स्रोत शोधणं किंवा खरोखर आरओ बसवणं, हाच मार्ग राहतो. म्हणूनच मी म्हणते, आधी तपासा, मग खर्च करा.

ताई, पाच बाटल्या भरायच्या आधी एक काम राहिलंय. ती पिठाच्या डब्यामागची काळी बाटली अजून तिथेच असेल तर आजच बाहेर काढा. दोन दिवस उबेत राहून तिच्यातले जंतू कित्येक पटींनी वाढलेले असतात. झाकण उघडून वास घेऊ नका, मोरीतही ओतू नका. हवी तर एक फोटो काढून ठेवा. मग अंगणात जाऊन झाकण हळूच काढा, आत चमचाभर टीसीएल पावडर घाला, झाकण लावून तासभर उन्हापासून दूर ठेवा आणि विहिरीपासून लांब, उकिरड्याच्या नव्या जागेपासूनही लांब, खड्डा करून पुरा. मुलगा तेव्हा झोपलेला असावा. नंतर साबणाने हात कोपरापर्यंत धुवा. पाच बाटल्यांचं काय झालं ते मला कळवा, काळ्या किती आणि कुठल्या. शेवटच्या नळाची बाटली काळी झाली असेल तर ते आधी लिहा.